आपली रांग ओळखा: अतिनिवडक विद्यापीठांतल्या प्रवेशाची शक्यता कशी जोखावी

२०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेशाचं पत्र गेलं. शंभरात साडेतीनच्या थोडं वर. हा आकडा वाचला की घरात दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपल्याला कुठे मिळणार, कशाला अर्ज करायचा?" किंवा मग, "कुणाला तरी मिळतोच ना, मग आपल्याला का नाही?" दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. साडेतीन टक्के ही आपली शक्यता आहे, असं धरून चाललेलं असतं. खरं तर ती कुणाचीच नाही. वेगवेगळ्या रांगांतल्या माणसांची ती सरासरी आहे. काही रांगांत जवळजवळ सगळे आत जातात, काहींत शंभरात एखादा.

अर्ज करणाऱ्या मुलांच्या याद्या मी बरीच वर्षं त्यांच्यासोबत बसून तपासत आले आहे. "माझे चान्सेस किती?" या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर देणं मी केव्हाच सोडलं. पण आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, तिथे आपल्यापुढे साधारण कोण आहे आणि यादी कशी आखली म्हणजे एका निकालावर सगळं वर्ष टांगलेलं राहणार नाही, हे नीट बसून काढता येतं. ते कसं, ते खाली सांगते. लेख मुख्यतः अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाबद्दल आहे, कारण "चान्सेस"चा गोंधळ सर्वांत जास्त तिथेच आहे.

पहिली पायरी: सरासरी फोडून रांगा वेगळ्या करा

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर चाललेल्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी दिला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद झाली. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या खटल्यामुळे एरवी कधीच बाहेर न येणारी माहिती न्यायालयासमोर आली. प्रशिक्षकाने संघासाठी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश आत जात होते. या आणि अशा खास गटांत न बसणाऱ्यांचं प्रमाण अर्थातच एकूण सरासरीच्या खाली होतं.

म्हणून आधी कागदावर लिहा: मी प्रशिक्षकाने निवडलेला खेळाडू आहे का? (शाळेच्या संघात असणं वेगळं. इथे विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने स्वतः प्रवेश विभागाकडे नाव दिलेलं असावं लागतं.) आईवडिलांपैकी कुणी तिथे शिकलं आहे का? एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स यांसारख्या ठिकाणी या नात्याला किंमत नाही, पण अनेक खासगी विद्यापीठांत अजून आहे. मी अमेरिकेचा नागरिक की परदेशी अर्जदार? मला आर्थिक मदत लागणार आहे का? सरकारी विद्यापीठ असेल तर मी त्याच राज्यातला आहे का?

परदेशी अर्जदारांनी तर एकूण टक्केवारी डोळ्यांसमोरून काढूनच टाकावी. एमआयटीचंच बघा. २०२४ मध्ये तिथे २८,२३२ अर्जांतून १,२७५ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे साडेचार टक्के. पण वर्गात परदेशी विद्यार्थी साधारण दहा टक्केच असतात आणि अर्ज मात्र जगभरातून येतात. त्यामुळे परदेशी अर्जदारांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास राहतं. साडेचार आणि दोन हा फरक छोटा वाटतो, पण शक्यता निम्म्याहून खाली येते.

दुसरी पायरी: गुणांनी दार उघडतं, पुढचं काम वेगळं

त्याच खटल्यातली आणखी एक नोंद मी प्रत्येक पालकाला दाखवते. हार्वर्डच्या २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी देशांतर्गत अर्ज साधारण २६,००० होते. त्यांत ८,००० च्या आसपास विद्यार्थ्यांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते. एसएटी या प्रवेशपूर्व परीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे ३,४०० च्या वर आणि भाषेत २,७०० च्या वर. प्रवेश मिळणार होता परदेशी धरून साधारण दोन हजार जणांना. नुसत्या पैकीच्या पैकी गुणांवर निवड करायची म्हटली, तरी जागा पुरल्या नसत्या.

म्हणजे गुण नगण्य आहेत का? मुळीच नाही. गुण कमी पडले तर अर्जाचा बाकीचा भाग कितीही चांगला असला तरी तो वजन पेलत नाही. पण एसएटीत १६०० पैकी १५५० मिळाल्यावर पुन्हा परीक्षा देऊन १५८० करण्यात घालवलेले तीन महिने बहुतेकदा वाया जातात. ते महिने दुसरीकडे लावावेत, हे माझं ठाम मत आहे.

परीक्षेच्या नियमांची मात्र दर वर्षी नव्याने खात्री करा. करोनाच्या काळात एसएटी ऐच्छिक झाली होती. एमआयटीने ती मार्च २०२२ मध्ये परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल आणि स्टॅनफर्ड यांनीही सक्तीकडे परतण्याचं जाहीर केलं. त्यात येलने एसएटी किंवा तशाच एसीटी परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतील, असं तेव्हा सांगितलं. कोलंबियाने ऐच्छिक धोरण कायम ठेवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. दोन वर्षांपूर्वी कुणी दिलेला सल्ला यात सहज शिळा होतो.

तिसरी पायरी: स्वतःला त्यांच्या मापाने मोजा

हार्वर्डचे अर्ज वाचणारे प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी आकडे देतात. १ सर्वांत वरचा. खटल्यात या मापाची व्याख्याच समोर आली आणि अभ्यासेतर कामाची व्याख्या फार उपयोगी आहे. १ म्हणजे एखाद्या क्षेत्रात असाधारण ताकद, राष्ट्रीय पातळीची कामगिरी किंवा व्यावसायिक म्हणावा असा अनुभव. २ म्हणजे शाळेत भरीव योगदान, विद्यार्थी प्रतिनिधी किंवा शाळेच्या अंकाचा संपादक अशा प्रकारचं, सोबत स्थानिक किंवा विभागीय पातळीवर दखल. ३ म्हणजे चांगला सहभाग, पण वेगळेपण नाही.

आता आपली यादी काढा आणि प्रत्येक कामापुढे प्रामाणिकपणे आकडा लिहा. बहुतेक हुशार मुलांच्या यादीत आठ-दहा ३ असतात. वादविवाद मंडळ, पर्यावरण मंडळ, एक ऑनलाइन कोर्स, एक शिबिर, दोन स्पर्धांत सहभागाची प्रमाणपत्रं. इथे बेरीज कामी येत नाही. दहा ३ मिळून एक २ होत नाही. उरलेल्या वेळात अकरावं काम जोडण्यापेक्षा जे आधीच आवडीने करताय ते एक ३ वरून २ वर नेता येतं का ते बघा. शिबिरांबद्दल एक स्पष्ट सांगते: भरमसाट फी घेऊन कुणालाही प्रवेश देणारं उन्हाळी शिबिर नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरलं, तरी त्याने हा आकडा हलत नाही.

याच मापात ५ हा आकडाही आहे आणि तो वाईट शेरा नाही. घरची जबाबदारी किंवा शाळेच्या दिवसांत केलेली नोकरी यामुळे ज्यांना मंडळं-स्पर्धा शक्यच नव्हत्या, त्यांच्यासाठी तो आहे. धाकट्या भावंडाला रोज चार तास सांभाळणारी मुलगी "माझ्याकडे लिहायला काहीच नाही" म्हणते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ते काम आहे. आठवड्याचे तास मांडून ते अर्जात लिहायचं असतं.

चौथी पायरी: कॉमन डेटा सेट वाचायला शिका

विद्यापीठाचं नाव आणि "कॉमन डेटा सेट" असं शोधलं की बहुतेक ठिकाणची आकडेवारीची फाइल मिळते. कंटाळवाणी दिसते, पण प्रवेशाची शक्यता सांगणाऱ्या कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवते. कॅल्क्युलेटरला तुमचे गुण कळतात. निबंध, शिफारसपत्रं आणि त्या वर्षी विद्यापीठाला काय हवं आहे, हे कळत नाही. तरीही ते दशांशापर्यंत आकडा देतात आणि मुलं त्या दशांशावर रडतात.

फाइलमधला सी विभाग उघडा. सी१ मध्ये किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला आणि किती जणांनी तो घेतला, हे असतं. अलीकडच्या वर्षांच्या नमुन्यात परदेशी अर्जदार वेगळे दाखवायची सोय आहे. विद्यापीठाने तो रकाना भरला असेल तर आपली रांग तिथेच सापडते. सी२ मध्ये वेटलिस्टवरून किती जण आत आले ते कळतं. सी७ मध्ये कशाला किती महत्त्व, याचा तक्ता असतो: मुलाखत, शिफारसपत्र, विद्यापीठात दाखवलेला रस, माजी विद्यार्थ्याशी नातं. सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांचा पट्टा असतो. पट्ट्याच्या खालच्या आकड्याच्या खाली पाव मुलं असतात, पण त्यांत खास रांगांतले बरेच असू शकतात. तेव्हा साध्या रांगेत असाल तर आपले गुण पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात असावेत, असं धरून चाला. परीक्षा ऐच्छिक असलेल्या वर्षांत हा पट्टा फुगलेला असतो, कारण कमी गुणांची मुलं ते कळवतच नाहीत.

शेवटचा, एच६. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे आहे. एकूण परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येशी ते ताडून बघितलं की विद्यापीठाचा हात किती मोकळा आहे ते दोन मिनिटांत समजतं.

पाचवी पायरी: पैशाचा प्रश्न आधी

हा विषय घरात शेवटी निघतो. तो पहिल्या दिवशी निघायला हवा, कारण परदेशी अर्जदाराच्या शक्यतेवर त्याचा थेट परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन आणि आता ब्राउन ही ठिकाणं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही, हे प्रवेश ठरवताना बघत नाहीत. निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. गरज न बघता निवड करण्याच्या या पद्धतीला नीड ब्लाइंड म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डमध्येही, परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज विचारात घेतली जाते. म्हणजे एकाच गुणवत्तेच्या दोन परदेशी मुलांत, मदत मागणाऱ्याची रांग लांब असते. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या सरकारी संस्थांत बाहेरच्या विद्यार्थ्याला गरजेनुसार मदत मिळेल, ही आशा धरूच नये.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी चित्र पुष्कळ बरं आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकवणी शुल्क माफ केलं, एक लाखापर्यंत तर राहण्या-जेवणासह सगळंच. एमआयटीनेही दोन लाखांपर्यंत शिकवणी शुल्क माफ केलं. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. २०११ पासून तो कायद्यानेच ठेवावा लागतो. छापील फी बघून नाव खोडण्याआधी तो भरून बघा.

गरज असताना "मदत नको" असं लिहून प्रवेश मिळवायचा आणि नंतर मागायची, हा सल्ला अनेकांना मिळतो. तो ऐकू नका. कित्येक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नसेल तर पुढेही मागता येत नाही. मग पत्र हातात असून जाता येत नाही.

सहावी पायरी: अर्ली अर्जाचं खरं गणित

हार्वर्डच्या त्याच २०२४ च्या प्रवेशांत अर्ली अर्ज (नेहमीच्या, म्हणजे रेग्युलर फेरीच्या आधी केलेले) ७,९२१ आणि प्रवेश ६९२, म्हणजे ८.७ टक्के. एकूणातून हे वजा करा: उरले ४६,०८७ अर्ज आणि १,२४५ प्रवेश. २.७ टक्के. बघताक्षणी वाटतं, अर्ली केलं की शक्यता तिप्पट. थांबा. निवडलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं मोठ्या प्रमाणात अर्लीच करतात. त्यांना बाजूला काढलं की उरलेला फायदा बराच लहान होतो. शिवाय अर्लीमध्ये निर्णय पुढे ढकललेली मुलं नंतरच्या फेरीत पुन्हा वाचली जातात, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलनाही पूर्ण खरी नाही.

प्रकार नीट समजून घ्या. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक. मदत अपुरी पडली तरच सुटता येतं. इथे फायदा खरा असतो, कारण विद्यापीठाला येणाराच विद्यार्थी हवा असतो. पण दुसऱ्या ठिकाणच्या मदतीशी तुलना करायची संधी जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा अर्ली बंधनकारक नाही, मात्र त्या वेळी इतर खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करता येत नाही. मुदत बहुधा १ नोव्हेंबर. तोवर अर्ज कच्चा असेल तर घाई करू नका. कच्चा अर्ज लवकर पाठवला तर त्याला लवकर नकार येतो, एवढंच.

सातवी पायरी: यादी आणि एक फसवं गणित

एका हुशार मुलाने मला वहीत गणित करून दाखवलं होतं. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के शक्यता धरली तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे कुठे तरी होकार येण्याची ४०. वीस ठिकाणी अर्ज केला तर ६४! कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवायच्या संकेतस्थळावर, वीसच विद्यापीठांची मर्यादा आहे, तीही त्याने पुरेपूर वापरायची ठरवली होती.

आकडेमोड बरोबर आहे, पण ती फाशाला लागू पडते. फाशाची दुसरी खेप पहिलीवर अवलंबून नसते. इथे वीसही ठिकाणी तोच विद्यार्थी, तेच गुण, तोच निबंध आणि तीच शिफारसपत्रं जातात. एका ठिकाणी अर्ज ज्या कारणाने मागे पडतो, त्याच कारणाने दुसरीकडेही पडतो. शिवाय वीस अर्ज म्हणजे कधी कधी चाळीसच्या वर छोटे निबंध, आणि पंधराव्या विद्यापीठासाठीचं "तुमचंच विद्यापीठ का?" वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

माझा हिशोब असा. ज्या ठिकाणी आपल्या रांगेचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या खाली आहे, ते कितीही गुण असले तरी "रिच". अशी चार ते सहा. गुण पट्ट्याच्या वरच्या भागात आणि प्रमाण तीस-चाळीस टक्के किंवा जास्त, अशी चार-पाच "टार्गेट". आणि दोन "सेफ्टी", ज्यांना तीन कसोट्या लावायच्या: प्रवेश जवळपास नक्की आहे का, मदत न मिळताही परवडेल का, आणि तिथे आनंदाने जाल का. तिसऱ्या प्रश्नावर मूल गप्प बसलं तर ते नाव सेफ्टी नाही. दुसरं शोधा. यादी बनवायला सुरुवातही याच दोन नावांपासून करा.

ब्रिटन यादीत असेल तर तिथली रीत वेगळी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी एका वर्षी अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर, आणि निवड विषयावर होते. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत यांत त्या विषयाचा विचार कसा करता, ते बघतात. अवांतर कामांची यादी तिथे फारशी उपयोगी नाही. शक्यता विद्यापीठाची न बघता अभ्यासक्रमाची बघा; संगणकशास्त्र आणि अभिजात भाषा यांच्या रांगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आठवी पायरी: जे हातात आहे ते

कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. अभ्यासेतर कामांसाठी दहा जागा आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, रिकाम्या जागा धरून. मुख्य निबंध ६५० शब्दांचा. (एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचे अर्ज स्वतंत्र असतात.)

त्या १५० अक्षरांत काय होऊ शकतं ते बघा. एका मुलीने लिहिलं होतं: "शाळेच्या ग्रंथालयात स्वयंसेवक. पुस्तकांची मांडणी व विद्यार्थ्यांना मदत. वाचनाची गोडी वाढवण्याचा प्रयत्न." मी विचारलं, मंगळवारी दुपारी तिथे गेल्यावर तू नेमकं काय करतेस? अर्धा तास बोलल्यावर ओळ झाली: "२,३०० पुस्तकांची नोंद वहीतून स्प्रेडशीटवर आणली, हरवलेली १४० शोधली, नववीच्या दोघींना काम शिकवून सोपवलं." काम तेच. पहिल्या ओळीला वाचणारा ३ देईल, दुसऱ्या ओळीवर थोडा रेंगाळेल. दहाही ओळींना हाच प्रश्न विचारा.

शिफारसपत्रासाठी सर्वांत जास्त गुण देणारे शिक्षक शोधू नका. वर्गात तुम्ही चुकताना, पुन्हा विचारताना, वाद घालताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना विचारा. मुदतीच्या दोन महिने आधी विचारा आणि सोबत वर्गातल्या दोन-तीन प्रसंगांची आठवण लिहून द्या. शिक्षकांना वेळ कमी असतो; आठवण हाताशी असली की पत्रात जीव येतो.

निकालानंतर

अर्लीमध्ये निर्णय पुढे ढकलला गेला तर जानेवारी-फेब्रुवारीत एक छोटं पत्र पाठवा: नवे गुण, नवं काम, आणि यायची इच्छा खरी असेल तर तसं साध्या शब्दांत. रोज नवी शिफारसपत्रं पाठवू नका.

रेग्युलर फेरीचे निकाल मार्चअखेर लागतात आणि होकार कळवायची नेहमीची मुदत १ मे असते. मदतीची सगळी पत्रं शेजारी ठेवून, कर्ज आणि अनुदान वेगळं करून, चार वर्षांचा खर्च मांडा. मदत कमी वाटली तर मुदतीआधी फेरविचाराची विनंती करता येते. उत्पन्न घटल्याचे किंवा दवाखान्याच्या खर्चाचे कागद जोडा. वेटलिस्टवर असाल तर त्या विद्यापीठाच्या सी२ मधला मागच्या काही वर्षांचा आकडा बघा. कधी शून्य असतो, कधी शंभराच्या वर. जागा हवी असल्याचं कळवा, पण त्याआधी होकार आलेल्या ठिकाणी १ मेच्या आत डिपॉझिट भरून आपली जागा पक्की करा.